सेतुरावांचा कान

सेतुराव सिनेमा डोळे मिटून पाहतात. चष्मा टेबलावर, हेडफोन कानांवर, मान मागे टाकलेली. नव्या माणसाला वाटतं म्हातारा झोपला. मग मध्येच त्यांचं बोट वर होतं. "डावीकडला तिसरा पंखा करकरतो. बस स्टँडामागलं थिएटर. बाल्कनी." आणि ते बरोबर निघतं.

कुंभकोणमला एका पितळी भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. काम चोरलेले सिनेमे पकडण्याचं. शुक्रवारी सिनेमा लागतो आणि दुपारच्या जेवणापर्यंत कुणीतरी तो मोबाईलवर उतरवून इंटरनेटवर टाकलेला असतो. आमचं यंत्र प्रत्येक सिनेमाच्या चित्राचा नि आवाजाचा ठसा घेऊन ठेवतं आणि दिवसभर इंटरनेट धुंडाळतं. चित्र उलटं करा, कडा कापा, वेग वाढवा, ते ओळखतं. आम्ही फक्त खात्री करायची, काढून टाकण्याची नोटीस धाडायची आणि फॉर्म भरायचा. त्यात एक रकाना असतो: चित्रण कुठं झालं असावं? तिथं यंत्र बऱ्याचदा गप्प बसतं आणि सेतुरावांचा कान सुरू होतो.

यंत्र फार कर्तव्यदक्ष आहे. एकदा त्यानं निर्मात्याचीच जाहिरात चोरीची म्हणून बंद पाडली. एकदा तिरुनागेश्वरमच्या कुणाच्या बारशाचा व्हिडिओ पकडला, कारण पाळण्यामागे टीव्ही चालू होता. मॅनेजर चेन्नईहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले की यंत्र अजून शिकतंय. सेतुराव म्हणाले, शिकूं दे की, मलाही खोकले ओळखायला तीस वर्षं लागली.

तीस वर्षं ते एका थिएटरात तिकिटं तपासत होते. त्या थिएटरचं आता मंगल कार्यालय झालंय. सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांतल्या थिएटरांतही फुकट जाऊन बसायचे, त्यामुळे कुठल्या गावचे लोक कुठल्या जागी हसतात, कुठं मध्यंतरातला वडेवाला नाकात ओरडतो, सगळं पाठ. अंगात तपासनीस अजून आहे. ऑफिसात कुणी पाच मिनिटं उशिरा आला की दारातच हात पुढे करून म्हणतात, "तिकीट?" आमच्या घरी आले तेव्हा माझा भाऊ मोबाईलवर सिनेमा पाहत होता. त्यालाही तेच विचारलं. भावानं तिकीट नाही म्हटल्यावर चहा न घेता निघून गेले.

माझे वडील शिंपी. घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, बी.एस्सी. कॉम्प्युटर, आणि ते मी कुणालाही सांगते. नववी नापास म्हातारा माझ्यापेक्षा हे काम चांगलं करतो, हे कबूल करायला मला सहा महिने लागले.

आम्हां दोघांची घरची भाषा मराठी; आमचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडं आले. पुण्याकडच्या माणसाला ती आजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी वाटेल, पण आहे मराठीच. मॅनेजरांना वाटतं आम्ही तेलुगू बोलतो. सेतुरावांनी मला सांगितलं, "वाटूं दे गे. त्याचें काय जातें."

गेल्या महिन्यात एक विचित्र प्रत सापडली. मोबाईल कुणाच्या तरी मांडीवर होता, त्यामुळे चित्रात पुढल्या खुर्चीची पाठ, आवाज मात्र स्वच्छ. त्यात एका बाईची कुजबुज होती. यंत्रानं लिहिलं होतं: भाषा अज्ञात. निर्माता चिडला होता, या वेळी माणूस हवा, पोलिसात देणार म्हणत होता. मॅनेजरांनी सरळ सांगितलं, की चोर इथूनच सापडला तर ठीक, नाहीतर पुढच्या महिन्यापासून कानाचं कामही यंत्रच करील.

सेतुरावांनी हेडफोन लावला. मीही लावला. बाई हळू आवाजात सांगत होती, "आतां दार उघडलें. पोरगी आली. तो उगाच उभा आहे, बोलत नाहीं." मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, तिनं कुठल्या रंगाचं लुगडं नेसलंय. बाईनं सांगितलं.

त्याला दिसत नव्हतं. घरी पुन्हा ऐकायला मिळावा म्हणून ती सिनेमा उतरवत होती. पुढं ती फाईल कुणाच्या हाती लागली कोण जाणे.

आमच्या लोकांची घरं इथं मोजकी. गोविंदपुरम्‌च्या भजनाला सगळे जमतात. सेतुरावांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हाच मला कळलं की तो आवाज त्यांनी ओळखलाय. मी नाव विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते माहीत झालं असतं.

कॉलवर मॅनेजरांनी विचारलं, तुमची तेलुगू आहे का ही? सेतुराव म्हणाले, तेलुगू नव्हे. कन्नड? कन्नडही नव्हे. मॅनेजरांनी आणखी दोन भाषा विचारल्या. सेतुरावांनी प्रत्येक वेळी खरं उत्तर दिलं. मराठी म्हणून कुणी विचारलंच नाही. थिएटरच्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: ओळख पटली नाही. तसं त्यांनी याआधी कधी लिहिलेलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मेल आला. महिनाअखेरीनंतर सेतुरावांनी येऊ नये, आणि ही फाईल बंद करावी.

फाईल बंद करायची म्हणजे आमच्याकडली प्रत पुसायची. पुसण्याआधी ती खरोखर तीच आहे याची खात्री करावी लागते, म्हणून मी शेवटची मिनिटं लावली. सेतुराव खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, आई गेल्याला चार वर्षं झाली. घरी आता दूधवाला, इस्त्रीवाला, सगळ्यांशी तमिळच. "मराठींत भांडायलासुद्धां कोणी उरलें नाहीं."

सिनेमा संपत आला होता. मी बटणावर बोट ठेवलं. त्यांनी माझा हात धरला.

"थांब. तिचें बोलणें पुरें होऊं दे."

आम्ही थांबलो. पडद्यावरचं संगीत थांबलं, लोक उठल्याचे आवाज आले, खुर्च्या आपटल्या. मग बाई म्हणाली, "संपलें. ऊठ आतां. पायरी आहे, माझा हात धर."

सेतुरावांनी माझं बोट बाजूला केलं आणि बटण स्वतः दाबलं.