होडीला पाणी चढवण्याबाबत

चिंचखार गावच्या होडी समितीचे अध्यक्ष श्री. बाळाजी भगत यांच्या काळ्या पँटच्या मागच्या बाजूला किहीम मुक्कामी, व्याह्यांच्या ओटीवर, भर चहाच्या वेळी एक मोठा पांढरा डाग आढळून आला. तो त्यांचे व्याही अजितराव यांनी आधी पाहिला आणि मग बाकीच्यांना दाखवला. "बाळाजीराव, तुमच्या गावात पावडर मागून लावतात काय हो?" असं त्यांनी विचारलं. ओटीवरची सगळी माणसं हसली. बाळाजीही हसले, पण घरी येताना त्यांनी वाटेत तीनदा पँट झटकली.

डागाचा उगम सर्वांना ठाऊक होता. चिंचखार खाडीच्या एका काठाला आणि रेवदंडा दुसऱ्या काठाला. बाजार, दवाखाना, एसटी, सगळं पलीकडे. रस्त्यानं जायचं तर खाडीला वळसा घालून, दोन रिक्षा आणि एक एसटी बदलत अर्धा दिवस जातो. म्हणून गाव 'मैना'तून जायचं. मैना ही माणसं नेणारी गावाची एकच फायबरची होडी; बाकीच्या पहाटेच मासेमारीला जायच्या. आणली तेव्हा ती गडद निळी होती म्हणतात. मग उन्हानं आणि खाऱ्या वाऱ्यानं तिचा रंग मेला, अंग खरखरीत झालं आणि त्यावर खडूसारखी भुकटी धरू लागली. जो टेकून बसेल तो थोडी मैना अंगावर घेऊन उतरायचा. रेवदंड्याचे दुकानदार चिंचखारच्या गिऱ्हाइकाला पाठमोरं ओळखायचे. याचं कुणाला काही वाटत नव्हतं. होडी तरंगत होती आणि गावाची तिच्याकडून तेवढीच अपेक्षा होती.

बाळाजींना मात्र आता वाटू लागलं, कारण त्यांची मुलगी सोनल सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. झोपाळ्यावरचं डोहाळजेवण कुणीही करतं. बाळाजींनी होडीतलं करायचं ठरवलं होतं. फुलांनी सजवलेली मैना, मधोमध हिरव्या साडीतली सोनल, आजूबाजूला किहीमची मंडळी. चित्र छान होतं, पण मंडळी होडीतून उतरून पाठमोरी झाली की पुढचं चित्र बाळाजींना दिसायचं आणि त्यांचा घास तोंडातच राहायचा.

"आवो, येक चटई हातरू की होडीत," त्यांची बायको सोनाबाई म्हणाली.

उपाय अचूक होता. पण माणूस एकदा अध्यक्ष झाला की त्याला चटई सुचत नाही, अर्ज सुचतो. बाळाजींनी तालुक्याच्या कार्यालयाला अर्ज केला आणि भाषा मुद्दाम भारदस्त ठेवली. मोत्याबद्दल किंवा जुन्या दागिन्याबद्दल बोलावं तसं त्यांनी लिहिलं, 'सदर होडीचे पाणी गेलेले असून तिला पुन्हा पाणी चढवून मिळावे.'

कार्यालयानं अर्जातला महत्त्वाचा शब्द हेरला आणि अर्ज पाणीपुरवठ्याकडे पाठवला.

एका सकाळी धक्क्यावर टँकर उभा राहिला. मैनाचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा सदू तेव्हा होडीतलं पाणी डब्यानं बाहेर काढत होता.

"होडीला पाणी चढवायचंय ना?" ड्रायव्हरनं नळी हातात घेत विचारलं.

"चढवायचं? आमी काडतोय दादा."

"ते मला नाही माहीत. माझ्याकडे चढवायचं लिहिलंय."

आणि त्यानं चढवलं. मैना काठोकाठ भरली, धक्क्याशीच तळाला टेकली, आणि सदूची 'पाणी पोचले' अशी सही घेऊन टँकर निघून गेला. कार्यालयात तक्रार निकालात निघाली. गेल्या उन्हाळ्यात गावानं महिनाभर टँकर मागितला होता तेव्हा तो आला नव्हता. त्यामुळे बायकांनी ते गोडं पाणी वाया जाऊ दिलं नाही. हंड्याहंड्यानं घरी नेलं आणि होडी पुन्हा वर आली.

बाळाजी स्वतः तालुक्याला गेले. "साहेब, पानी म्हंजे ते पानी न्हाय. मोत्याला असतं ना, तसलं."

"मोत्याचं होय?" कारकुनानं मान हलवली. "मग वरच्या मजल्यावर जा."

वरच्या मजल्यावर किनारा सौंदर्यीकरण कक्ष होता. कक्षप्रमुख रचना मॅडम तरुण, तडफदार आणि बेकार होत्या. म्हणजे पद होतं, पण सौंदर्यीकरण करायला काही उरलं नव्हतं. जिथं जिथं सरकारी भिंत होती तिथं त्यांनी डॉल्फिन रंगवून घेतले होते. बाळाजींची अडचण ऐकून त्या खुर्चीतून उठल्या.

"भगतकाका, होडी ही आपल्या किनाऱ्याची ओळख आहे. आणि ओळखच फिकी पडली तर कसं चालेल?"

बाळाजींना भरून आलं. आपल्या पँटच्या डागामागे एवढं मोठं कारण असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मांडव्याहून अल्पेशभाई आले. मुंबईच्या शेठ लोकांच्या बोटी चमकवणं हा त्यांचा धंदा. ओंडक्यांवरून घसटत मैना वाळूवर ओढली. आधी साबणानं धुतली. मग पॉलिश पेपर ओला करून घासली, आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग मलम लावून गरगर फिरणारं मशीन चालवलं आणि शेवटी मऊ फडक्यानं हातानं मेण चढवलं. काम उत्तम झालं, हे मान्यच केलं पाहिजे. गाव विसरलं होतं तो निळा रंग वर आला. सोनाबाईनं होडीच्या अंगात बघून कपाळावरचं कुंकू सारखं केलं. बाळाजींनी काळी पँट घालून तिला पाठ टेकवली, वळून पाहिलं, आणि डाग नाही हे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मंग, उतरवू का आता पान्यात?" सदूनं विचारलं.

अल्पेशभाई किंचाळले. "अरे भाई, खाऱ्या पाण्यात? वॉरंटी गेली तर माझ्याकडे येऊ नका हां!"

"मंग उन्हात ऱ्हाऊ दे?"

"उन्हात तर आणखी लवकर जाणार."

"शेठलोक काय करतात वो?" बाळाजींनी विचारलं.

"त्यांच्या बोटी शेडमधीच असतात. दिवाळीला बाहेर काढायची, फोटो काढायचा, परत आत."

रचना मॅडमना हा मुद्दा पटला. आठवड्यात आदेश निघाला आणि तो बाळाजींनी धक्क्यावर मोठ्यानं वाचून दाखवला: 'सदर होडी पाण्यात उतरवल्यास तिचे पाणी उतरण्याची शक्यता असल्याने ती पाण्यात उतरवू नये.' वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचलं. अर्थ त्यांच्या लक्षात दुसऱ्या वेळी आला, पण तोवर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मैनासाठी धक्क्यालगत शेड उभी राहिली. शेडला जाळी आली, जाळीला दार आणि दाराला कुलूप. तांडेलाची जागा आता रिकामी होती म्हणून सदूलाच सुरक्षारक्षक नेमलं. त्याला खाकी कपडे, बूट आणि शिट्टी मिळाली. जन्मभर 'चला, बसा, बसा' म्हणणारा सदू आता 'हात लावू नका' म्हणू लागला. होडी बघायला माणसं येऊ लागली, गाड्या येऊ लागल्या. त्यांना धक्के बसू नयेत म्हणून गावाकडे येणारा रस्ता सुशोभित करायला घेतला, म्हणजे खणून ठेवला. गावातली माणसं त्याच खणलेल्या रस्त्यानं वळसा घालून बाजारला जाऊ लागली. धक्क्यावर पाटी लागली: 'तात्पुरत्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.' पाटीचं लोखंड मात्र कायमचं होतं.

डोहाळजेवण ठरल्या दिवशी झालं. होडीत पाट मांडला तर ओरखडे पडतील, म्हणून सोनल होडीसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली आणि मैना मागे पडद्यासारखी राहिली. अजितराव खाडीला वळसा घालून, घामाघूम होऊन आले आणि होडी बघून थक्क झाले. त्यांनी नकळत हात पुढे केला तेव्हा सदूनं शिट्टी वाजवली. व्याह्यांनी दचकून हात मागे घेतला. त्या शिट्टीनं बाळाजींच्या मनातला किहीमचा काटा निघाला.

गाणी संपल्यावर सोनलनं हळूच विचारलं, "बाबा, मला दवाखान्यात कशातून नेणार?"

"तवर कायतरी व्यवस्था व्हईल," बाळाजी म्हणाले. तेवढ्यात रचना मॅडमनी सगळ्यांना फोटोसाठी हाक मारली.

फोटो सुरेख आला. मॅडमनी तो कक्षाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपल्या खाडीची शान! अशीच राहावी ना? आवडली तर अंगठा द्या.' पहिला अंगठा बाळाजींनी दिला, दुसरा अजितरावांनी. मग पुण्याचे आले, नाशिकचे आले, दुबईचे आले. 'व्वा', 'माझं कोकण', 'जपलं पाहिजे' असं लोक लिहू लागले. खाडी कुणी ओलांडायची होती हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि फोटोत तसं दिसतही नव्हतं.

सोनलच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या, तारखेच्या बऱ्याच आधी. खाडीला भरती होती. पलीकडे दवाखान्याचं लाल कौलारू छप्पर उन्हात स्पष्ट दिसत होतं. गावातल्या बाकीच्या होड्या पहाटेच मासेमारीला बाहेर गेल्या होत्या. सोनाबाई पदर खोचून शेडपाशी गेली.

"सदू, दार उघाड."

सदूचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला आणि तिथंच थांबला. "काकी, लेखी पायजे वो."

बाळाजींनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, पोरीला कळा येतायत. होडी काडू द्या. येकडाव पलीकडं सोडतो, परत आनून पुसून ठेवतो."

"अरे देवा!" रचना मॅडमना खरंच वाईट वाटलं. "काका, माझ्या हातात असतं ना, तर मी स्वतः ढकलली असती. पण लोकसंमती झालीय. 'अशीच राहावी' म्हणून एवढ्या लोकांनी अंगठे दिलेत, ते आम्ही फायलीला लावले. आणि पहिला अंगठा तर तुमचाच आहे."

"मी फोटोला दिला वो!"

"अंगठा म्हणजे सहीच की, काका. तुम्ही असं करा, विरोधात तेवढे अंगठे गोळा करा. मी लगेच आदेश काढते."

सोनाबाईनं हे ऐकलं आणि सदूपुढे नुसता हात पसरला. सदूनं खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. त्याचे डोळे भरले होते.

"घ्या काकी. पन चावीनं काय व्हनार? फोटोत तिरकी दिसती म्हनून तिला खाली शिमिटात बसवलीय."

मग कुणीतरी रिक्षा आणली. मागे सोनल, तिला धरून सोनाबाई, पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लोंबकळत बाळाजी. रस्ता अर्धा खणलेला आणि अर्ध्यावर खडी टाकलेली होती. प्रत्येक खड्ड्याला सोनल ओरडायची आणि बाळाजी तिच्याकडे वळून न बघता मोठमोठ्यानं देवाचं नाव घ्यायचे. ते आयुष्यात एवढे कधी घाबरले नव्हते. वळशाच्या मध्यावर, रस्ता सुशोभित होत असल्याच्या फलकाखाली, रिक्षातच मुलगी झाली. सोनलचं रक्त थांबेना. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "होडीनं का नाही आलात? समोरच तर राहता."

दोघी वाचल्या. सोनलला मात्र उठून बसायला बरेच दिवस लागले. किहीमहून अजितराव धावत आले तेव्हा बाळाजी दवाखान्याच्या बाकावरून उठून त्यांना सामोरे गेले आणि मग पाणी आणायला पाठमोरे झाले. त्यांची काळी पँट खणलेल्या रस्त्याच्या धुळीनं मागून पुढून पांढरीफटक झाली होती. अजितराव या वेळी हसले नाहीत. त्यांनी आपला रुमाल काढला आणि व्याह्यांची पँट झटकून दिली.

पाणी आणून बाळाजी पुन्हा बाकावर बसले आणि त्यांनी फोन उघडला. होडीच्या फोटोखाली आता गावात माणसं नसतील इतके अंगठे जमले होते. त्यांनी आपला अंगठा शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि तो काढून घेतला. आकडा एकानं कमी झाला. बाळाजी त्याच्याकडे बघत राहिले. आता दुसरा कुणी काढील, मग तिसरा, असं त्यांना उगाच वाटत होतं.

तेवढ्यात आकडा पुन्हा होता तेवढा झाला. कुणीतरी आत्ताच अंगठा दिला होता, बहुधा जेवता जेवता, नीट न बघता. कोण म्हणून आजूबाजूला पाहू नका. फोन तुमच्याच हातात आहे.