खोवीराचा तिसरा अंक

पुण्यात इतरही गुप्तहेर असतील. ते अजून माझ्या नजरेस पडलेले नाहीत, यावरूनच ते किती सुमार आहेत ते कळतं. माझ्याबद्दल सांगायचं तर बांधा मध्यम, तर्क निर्दोष, नजर तीक्ष्ण. चष्मा आहे, पण तो फक्त जवळचं आणि लांबचं बघण्यापुरता. नाव श्रीधर. विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटच्या दारावर ‘खाजगी तपास’ अशी पाटी आहे. तिच्याखाली माझ्या बायकोनं, तनुजानं, ‘काम देण्यापूर्वी घरात विचारावे’ अशी दुसरी पाटी लावली आहे. तनुजा माझी मदतनीसही आहे, कारण स्कूटर तिला येते.

श्रावणातल्या एका सकाळी भीमराव सर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

“चपलांवरून दिसतंय, आपण फार लांबून चालत आलात,” मी म्हणालो.

“मी खालच्या मजल्यावर राहतो,” सर म्हणाले. “आपण रोज जिन्यात भेटतो.”

मी ही माहिती नोंदवून घेतली.

प्रकरण असं होतं. तीस वर्षांपूर्वी सरांनी ‘खोवीर’ नावाचं कॉमिक स्वतः लिहून, स्वतः काढून, बुधवार पेठेतल्या एका छापखान्यातून छापून आणलं होतं. खोवीर हा खो-खोचा महानायक. त्याचा वेग विजेसारखा, पण मागून कोणी पाठीवर हात मारून ‘खो’ म्हटल्याशिवाय त्याला उठता येत नाही. त्यामुळे पहिल्या अंकात बँक लुटली जाते आणि तो तिच्याकडे पाठ करून शेवटपर्यंत उकिडवा बसलेला असतो. दुसऱ्या अंकात त्याला खो मिळतो. पण खांब लागेपर्यंत दिशा बदलायची नाही हा खेळाचा नियम, आणि खांब त्याला लोणी काळभोरला मिळतो. तोवर खलनायक जेवून झोपलेला असतो.

असे तीन अंक निघाले आणि तिन्ही पडले. आता एका कॉलेजातली मुलं रविवारी ‘फसलेले महानायक’ असा कार्यक्रम करणार होती आणि त्यांनी सरांना आग्रहानं बोलावलं होतं.

“हसायला बोलावलंय, ते कळतं मला,” सर म्हणाले. “पहिले दोन वाईटच आहेत. तिसरा मात्र बरा होता, असं मला इतकी वर्षं वाटत आलंय. माझी प्रत घर बदलताना गेली. तो एकदा बघायचाय. बरा असेल तर जाईन, नाहीतर नाही.”

आवाज शांत होता, पण शर्टाची इस्त्री ते पुन्हा पुन्हा हातानं सरळ करत होते. मला वाईट वाटलं. मी ते तपासाच्या आड येऊ दिलं नाही.

रंगनाथरावांच्या वाचनालयात एकेकाळी तिन्ही अंक होते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. स्कूटरवर तनुजा आणि मी. सर चालत आले आणि आमच्या आधी पोचले. दारात ‘शांतता पाळावी, मालकांशी बोलू नये’ असा फलक होता. रंगनाथरावांनी न बोलता पहिले दोन अंक काढून दिले. ते कोरे करकरीत होते. तिसरा नव्हता.

“चोराला चांगल्या-वाईटातलं कळत होतं,” मी म्हणालो. “हा कबड्डीवाल्यांचा कट आहे.”

“कबड्डीवाले कॉमिक कशाला चोरतील?” तनुजानं विचारलं.

“तेच त्यांनी लपवलंय.”

मग मी वाळवीचा विचार केला, पण दोन अंक सोडून तिसराच खाणारी वाळवी सुशिक्षित हवी. उरले सर. लाजेपोटी लेखकानंच अंक नाहीसा केला आणि मग तो विसरला, हे मी त्यांना सौम्य शब्दांत सुचवलं.

“मग मी तुमच्याकडे कशाला आलो असतो?”

“सगळ्यांनाच पडतो तो प्रश्न,” रंगनाथराव म्हणाले. तेवढ्यावर त्यांचं बोलणं संपलं.

मी सगळी कपाटं उपसली. पाकशास्त्राचं कपाट तेवढं सोडलं, कारण गुन्हेगार तिकडे फिरकत नाहीत. तेवढ्यात सत्यशीलाबाई आल्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, जुन्या सभासद. त्यांनी माझ्याकडे, मग जमिनीवरच्या पुस्तकांकडे पाहिलं.

“काय हरवलंय?”

“खोवीरचा तिसरा अंक,” तनुजा म्हणाली.

“तो होय. वरीच्या तांदळाच्या मागे आहे.”

हा सांकेतिक शब्द आहे हे मी ताबडतोब ओळखलं. बाईंनी तोवर पिशवीतून परत करायला आणलेलं जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं होतं. वर लिहिलं होतं, ‘उपवासाचे पदार्थ’. त्यांनी वरीच्या तांदळाचं पान उलटलं, आणि तिथून खोवीर सुरू झाला.

रंगनाथराव कपाळाला हात लावून बसले. पातळ अंक वाचनालयात टिकत नाहीत, म्हणून तिसरा अंक आला तेव्हा त्यांनी बाइंडरला सांगितलं होतं, यापुढे जे पातळ येईल ते दोन-दोन एकत्र शिवून टाक. बाइंडरनं शिवून टाकलं.

“पाकशास्त्राच्या कपाटासमोर बसूनच मी रोज पेपर वाचतो,” सर म्हणाले. “पण आमच्या घरी उपास नाहीत. हे पुस्तक हातात घ्यायचं कारणच पडलं नाही.”

ते खुर्चीत बसून वाचू लागले. शहर संकटात आहे, खोवीर बसलाय, मागे कोणीच नाही. चार पानं तो नुसता बसून राहतो. पाचव्या पानावर तो स्वतःच उठतो. पानांच्या कडा बोटांनी मऊ झाल्या होत्या.

“हाही वाईटच आहे,” सर हळूच म्हणाले. “चार पानं काहीच घडत नाही. आणि खो न मिळता उठणं म्हणजे फाऊल.”

“फाऊलच आहे. मी शाळेत खेळायचे, मला कळतं,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “चित्रंही बेताचीच आहेत.”

“मग तुम्ही वाचलात कशाला?”

“दर श्रावणात वाचते. वरीचे तांदूळ काय, मला पुस्तकाशिवाय येतात.” त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. “आमचे हे गेले तेव्हा मी अशीच बसून होते. कोणीतरी येईल आणि उठवेल, असं वाटायचं. कोणी आलं नाही. मग हा अंक वाचला आणि सोमवारी बँकेत कामावर गेले.”

वाचनालयात प्रथमच फलकावरची शांतता पाळली गेली. मी गंभीरपणे प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं, पण तनुजा पुस्तकं परत कपाटात लावत होती आणि तिनं माझ्याही हातात एक गठ्ठा दिला.

“रविवारी मी येते तुमच्याबरोबर,” बाई सरांना म्हणाल्या. “कोण हसतंय ते बघते.”

सरांनी चष्मा काढून पुसला.

“हसू द्या हो,” ते म्हणाले. “पहिल्या दोनवर मीही हसेन. हा मात्र मी उभा राहून वाचणार. चारही पानं.”