एल्मरपंत शेवटबदले यांची कैफियत

श्रीरंगदेवता साक्ष, आणि पडद्याआड बसून पात्रांस वाक्ये पुरविणारा तोही साक्ष. शके अठराशे एकोणपन्नास, प्रभवनाम संवत्सरी, सात समुद्रांपलीकडील एका राज्यात ऐसे अद्भुत वर्तले की पडद्यावरील मुकी चित्रे बोलू लागली. आणि बोलावयास शब्द पाहिजेत, आणि चित्रे काढणारे सरदार आजवर डोळे मिचकावण्यावर राज्य करीत आलेले, मग त्यांनी पूर्वकिनारीचे नाटकवाले पश्चिमकिनारी बोलाविले. त्यांत एल्मर विटकॉम्ब नामे एक नाटककार होते. आम्ही त्यांस पंत म्हणतो, कारण पोकळ मोठेपणास काही पदवी लागतेच.

पंतांनी उभ्या हयातीत एकच चांगले नाटक लिहिले. त्यात एक खानावळवाली, तिला टाकून गेलेला नवरा शेवटी परत येऊन पायां पडतो, आणि ती हातचा झारा खाली ठेवून म्हणते, "चूल विझव. मी निघाले," आणि जाते. हे काम हेस्टरबाई करीत, आणि त्या निघाल्या म्हणजे नाटकगृहात कोणी खोकतही नसे. पंत नाटक चित्रवाल्यांस विकून निघाले, तेव्हा बाईंनी त्यांस स्टेशनावर गाठिले आणि म्हणाल्या, "विकलेत, बरे केलेत, पोट सर्वांस आहे. माझे काम दुसरीस द्या, पण शेवट बदलू देऊ नका. त्या एका वाक्यावर मी जगले आहे, पंत." पंतांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, "हा हात झडून पडेल, बाई, पण शेवट बदलणार नाही."

मग पश्चिमकिनारी जाऊन पंतांनी काय पराक्रम केला? तर पोहण्याचा हौद बांधविला, आणि पोहता येईना म्हणोन काठी बसून राहिले. त्या दरबारचा रिवाज ऐसा की कथा एका हाती ठेवीत नाहीत. एकाने आरंभ लिहावा, दुसऱ्याने विनोद घालावा, तिसऱ्याने तो काढावा, आणि कागदांवर कोणाचे नाव नसावे, म्हणजे कोणास माया उपजत नाही. पंतांकडे शेवटांचे काम आले, आणि ते त्यात ऐसे तरबेज जाहले की मेलेले उठवीत, रुसलेले हसवीत आणि बँड वाजवीत, आणि लोक त्यांस शेवटबदले म्हणू लागले, आणि पंतांस तेही गोड वाटे.

एके दिवशी थोरले धनी ग्रॅडीसाहेब शेवटचे काही कागद घेऊन आले आणि म्हणाले, "पंत, यात बाई निघूनच जाते. पैसे देऊन रडावयास कोण येईल?" पंतांनी वाचिले, तो सर्कशीतली एक वाघवाली, नवरा फौजेतला कर्नल, आणि बाई चाबूक खाली ठेवून म्हणते, चूल विझव, मी निघाले. पंत पोट धरून हसले. "वाघवालीस चूल कोठली? हे कोणा टोणग्याने लिहिले?" म्हणाले, आणि वाक्य खोडले, आणि बाईस कर्नलाचे मिठीत घातले, आणि वाघाकडूनही शेपूट हालवविले. धन्यांनी पाठ थोपटली.

मग चित्राचा पहिला खेळ जाहला. हेस्टरबाईंस आमंत्रण होते, त्या जुने हातमोजे घालून आल्या, आणि पंतांशेजारी बसल्या. पडद्यावर प्रथम अक्षरे आली, "एल्मर विटकॉम्ब यांच्या नाटकावरून." पंत दचकले. मग वाघ आला, कर्नल आला, आणि पंतांस एकेक ओळखू येऊ लागले, आणि शेवटी मिठी पडली, तेव्हा त्यांनी खाली पाहिले. बँड वाजत असता बाईंनी विचारिले, "पंत, माझे वाक्य कोणी खोडले?"

"कोणा टोणग्याने," पंत म्हणाले. हयातीत एवढेच खरे बोलले.

बाई उठल्या, आणि चालत्या जाहल्या, आणि त्या रांगेत कोणी खोकले नाही.

तात्पर्य, पंत त्यापुढे बहुत वर्षे सुखाने जगले. त्या साली उत्तम शेवटाची मानाची ढाल त्यांसच मिळाली, आणि भर सभेत उभे राहून त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. हात शाबूत होते.