सावित्रीचा तेरडा

परागकणांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! सारख्या दिसणाऱ्या दोन फुलांत सख्खं कोण आणि चुलत कोण, हे मी सूक्ष्मदर्शकातून मिनिटात सांगतो. रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र उगाच नाही शिकवत!

नेहमीच्या तेरड्याचा परागकण जांभ्या चिऱ्यासारखा चौकोनी. आमच्या गावच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका तेरड्याचा तिकोनी निघेल, असा माझा दावा होता. निघाला तर नवी जात, आणि नाव ठेवायचा मान माझा! तीन वर्षं हिंडून एकच रोप मिळालं. गणपतीच्या सुट्टीत ते कळ्यांवर असतानाच घरी कुंडीत लावलं आणि आईला शब्द दिला, "नवी जात निघाली की तिला तुझं नाव. सावित्री!"

गौरी आल्या त्या संध्याकाळी बघतो तर कुंडी रिकामी!

"आई, माझा तेरडा?"

"तो काय, गौर होऊन बसलाय! मुळासकट लागतो ना. दारात असताना सड्यावर चिखल तुडवीत कोण जाणार?"

साडी, नथ, हार यांच्या आत माझं संशोधन गुदमरत होतं. दुसऱ्या दिवशी पंगत बसल्यावर मी चिमटा घेऊन गौरीच्या पदराखाली हात घातला.

"मेल्या, देवीची नथ काढतोस?" मालनआत्या किंचाळली. अख्खी पंगत उठून आली!

"नथ नाही गो आत्या, फुलावरची धूळ हवीय!"

"धूळ? सकाळी मी सगळं स्वतः पुसलंय!" आत्या रडायलाच लागली.

त्या गोंधळात चिमट्याला लागलं ते काचेवर घेतलं आणि घरी आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चौकोनी नाही, तिकोनीही नाही. टपोरा गोल, अंगभर काटे! असला तेरडा जगात कोणी पाहिला नसेल! फोटो तडक माझ्या मुंबईच्या सरांना पाठवला. आईने मंडणगडच्या माहेरी फोन करून सगळ्यांना सांगितलं, की आता फुलाला तिचं नाव लागणार.

तिसऱ्या दिवशी गौरी वाजतगाजत नदीत गेल्या. परत येतोय तोच सरांचं उत्तर आलं : "छान जास्वंद! हार घातला होता वाटतं?"

जास्वंदीचा परागकण तर मी दरवर्षी पहिल्याच तासाला मुलांना दाखवतो! तेरडा वाहून गेला होता आणि आता आईला सांगायचं होतं.

तिने शांतपणे ऐकलं. "म्हणजे माझं नाव जास्वंदीला?"

"कुणालाच नाही गं!"

"असू दे. तेरड्याचा रंग तीन दिवस. जास्वंद बारमाही!"

सकाळी अंगणातून आत्याची हाक आली, "वहिनी, तुमच्या सावित्रीची चार फुलं नेते हो पूजेला!"

मी जास्वंदीची फांदी वाकवून धरली.