थोडंफार जमतं

डेन्मार्कमधल्या आमच्या गावात बसचालकांची तीव्र टंचाई होती आणि माझ्यासमोर रोजदा नावाची बसचालक बसली होती. अशाच अवघड प्रकरणांसाठी नगरपालिकेने मला, प्रेबेन क्रोगला, विविध पार्श्वभूमीच्या उमेदवारांचा करिअर सल्लागार नेमलं आहे. मी संवेदनशीलतेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आहे, मधल्या सुट्टीतल्या दालचिनीच्या पावासकट.

"साहेब, मी आमच्या देशात बारा वर्षं डोंगरात बस चालवली. बर्फात, कठडा नसलेल्या रस्त्यावर. एक ओरखडा नाही," रोजदा म्हणाली. "नोकरी लागली तरच नवऱ्याला इकडे आणता येईल. पोरगी रोज विचारते, बाबा कधी येणार."

"आधी ते 'साहेब' काढ. डेन्मार्कमध्ये सगळे सारखे. दुसरं, इथे स्वतःची टिमकी वाजवलेली कुणाला खपत नाही. मुलाखतीत म्हणायचं, थोडंफार जमतं."

"थोडंफार? अहो, मागे पन्नास माणसं बसतात!"

"म्हणूनच नम्रता हवी."

आम्ही कसून सराव केला. तिची मान ताठ राहायची, ती खाली घालायला मी तिला शिकवलं. शेवटी तिला ते इतकं साधलं की माझे डोळे पाणावले. इतकं अस्सल 'थोडंफार' मी माझ्या सख्ख्या मावशीच्या तोंडूनही ऐकलं नव्हतं.

बस कंपनीने तिला नाकारलं. कारण दिलं: उमेदवाराला बस थोडीफारच चालवता येते.

"आता नवऱ्याला काय सांगू?"

"सांग, प्रक्रिया सुरू आहे." मी तिला आत्मविश्वास वाढवण्याच्या वर्गात घातलं. तो वर्गही मीच घेतो.

त्याच सुमारास आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. मी अर्ज केला.

"विभाग सांभाळशील ना?" निवड समितीच्या बिर्गिटने विचारलं.

मी मान खाली घातली. "थोडंफार जमतं."

"किती नम्र! मुरलेला माणूस दिसतोय," ती शेजारच्याला म्हणाली आणि जागा माझी झाली. खरं तर आयुष्यात इतकं प्रामाणिक विधान मी कधी केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बस आली नाही. थांब्यावर रोजदाही उभी होती. मी बढतीची बातमी सांगितली.

"काय बोललात त्यांच्यापुढे?"

"तुला शिकवलं तेच."

"अभिनंदन, साहेब," ती म्हणाली आणि चालत घरी निघाली. या खेपेला 'साहेब' काढायला सांगायचा मला धीर झाला नाही.

तुम्ही मला हसताय, हसा. पण आम्ही दोघं तुमच्यासमोर उभे राहून तेच वाक्य म्हणालो असतो, तर बसची किल्ली तुम्ही कुणाच्या हातात दिली असती? मला तर सायकलसुद्धा धड येत नाही.