दुपारी दोनचा रकाना

मार्च महिन्यात मी गच्चीवरची डिश जराशी पश्चिमेकडे फिरवली. एवढंच केलं. (पदार्थविज्ञानात पीएच.डी. असलेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने एवढंही करू नये, हे आता पटलं आहे.)

क्षितिजालगतचा एक परका उपग्रह पकडायचा आणि त्याचा क्षीण सिग्नल रोज मोजायचा, असा विचार होता. जुना रिसीव्हर आणि लहान टीव्ही गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत मांडला. पडद्यावर नुसता काळोख, खाली 'क्वालिटी'ची पट्टी, आणि दवाखान्यात खाटेशेजारी वाजतं तसं टिट्... टिट्. कधीतरी त्या काळोखात एक चेहरा उमटायचा, ओठ हलवायचा आणि विरून जायचा. तो मलाच काहीतरी सांगतोय, असं वाटून अंगावर काटा यायचा. (वहीत मी 'चौदा टक्के' एवढंच लिहायचो.)

वहीत चार रकाने होते. सकाळी सात, दुपारी बारा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच. दोनचा रकाना केवळ शास्त्रीय काटेकोरपणासाठी, कारण एक ते तीन मी झोपतो आणि त्या वेळी आमची अख्खी गारखेडा कॉलनी हलली तरी मला कळणार नाही. पंधरा दिवस तो रकाना मोकळा राहिला आणि मी हळहळत राहिलो.

सोळाव्या दिवशी तिथे आकडा होता. एकतीस टक्के. माझ्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तेहेतीस. तिनाचं शेपूटसुद्धा माझ्यासारखंच वळवलेलं.

मला घाम फुटला. वैजापूरला माझे थोरले बंधू साहेबराव असतात. त्यांचं असंच सुरू झालं होतं. वहीत नोंदी सापडायच्या, लिहिल्याचं आठवायचं नाही. आता ते मला "आपण कोण?" असं विचारतात, तेही फार अदबीने. पुण्याहून माझ्या मुलाने, अभयने, बजावून ठेवलं होतं, "बाबा, काकांसारखं काही दिसलं तर घराला कुलूप, आणि तुम्ही दोघं इकडे." चाळीस वर्षांचं घर त्या एका रकान्यावर टांगलेलं होतं. म्हणून मी कुणाला बोललो नाही. पत्नीला, साळूबाईलाही नाही.

"अहो, काय करायलात?" साळूबाई जेवताना ओरडली. "वरण समजून पाणी ओतलंत भाकरीवर!"

"मला असंच आवडतं," मी म्हणालो आणि ती भाकरी खाल्ली.

त्यात माझे झोपेतले आकडे जागेपणीच्या दुप्पट. (मी झोपेत अधिक चांगला संशोधक असेन, अशी शंका मला नोकरीतही यायची.)

शेवटी प्रयोग केला. जिन्याच्या पायऱ्यांवर रांगोळी पातळ भुरभुरली आणि जागं राहायचं ठरवून आडवा झालो. तीन वाजता उठलो. कॉलनीत चिटपाखरू नव्हतं, कूलर तेवढा घरघरत होता. पायऱ्यांवर ठसे होते. वर गेलेले, खाली आलेले. चौकड्यांची नक्षी माझ्या चपलेची. ठसे पुसट होत होत माझ्या खाटेपाशी येऊन थांबले होते. तिथे माझ्या चपला नीट जोडून ठेवलेल्या, तळाला पांढरी पूड. वरून आवाज येत होता, टिट्... टिट्. मी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. माझेच असावेत.

धीर सुटला. स्वयंपाकघरात जाऊन मी साळूबाईसमोर स्टुलावर बसलो.

"साळू, अभयला बोलावून घे. माझं दादांसारखं झालंय. मी झोपेत वर जातो आणि आकडे लिहितो."

ती लसूण सोलत होती. "दोनचे व्हय? ते मी लिहिते."

"तू?"

"रकाना मोकळा दिसला की तुम्ही तोंड पाडून बसता. म्हटलं, जावं वर. गच्ची लई तापती, म्हणून तुमच्या जाड चपला घातल्या."

"पण अक्षर माझं आहे!"

"थिसिस कोणी उतरवून दिला होता?" ती मान वर न करता म्हणाली. "चारशे पानं, तीनदा. तुमच्या गाईडला तुमच्याच हातचं लागायचं. तवा हाताला बसलं ते बसलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत हाय. तवाबी तुम्ही काय बोलला नव्हता."

ती चारशे पानं उतरवत असताना मी काय करत होतो, ते मला लख्ख आठवलं. झोपलो होतो. (स्मरणशक्ती शाबूत असल्याचा हा पहिला पुरावा.)

"पण तुझे आकडे दुप्पट कसे?" मी विषय बदलला. "दोन वाजता वातावरणात काही विशेष—"

"चला वर."

ती जिन्याच्या खोलीत, टीव्हीजवळ बसली. "आता रोज उभं राहता तसं राहा."

डिश आणि पडदा दोन्ही एका नजरेत यावेत म्हणून मी नेहमीप्रमाणे डिशच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. टिट्... टिट्... चौदा.

"आता सरका बाजूला."

टिट्टिट्टिट्. एकतीस.

उपग्रह क्षितिजालगत, डिश जवळजवळ आडवी रोखलेली, आणि दोघांच्या मध्ये मी. इतके दिवस मी काटेकोरपणे स्वतःलाच मोजत होतो.

तेवढ्यात अभयचा फोन आला. साळूबाईने स्पीकर लावला.

"आई, बाबांचा आवाज परवा घाबरल्यासारखा वाटला. त्यांचं डोकं ठीक आहे ना?"

"डोक्याला काय नाय झालं रे," ती म्हणाली. "पोट आडवं यायलंय."