अर्जदार राठोड आणि अधिकारी राठोड

राठोडकाकांनी स्वतःलाच पाठवलेली नोटीस मी माझ्या डोळ्यांनी वाचली आहे. "अर्जदार श्री. मोतीराम राठोड यांस कळविण्यात येते की, आपल्या अर्जात खालील त्रुटी आढळून आल्या आहेत. सात दिवसांत पूर्तता न केल्यास अर्ज दप्तरी दाखल करण्यात येईल." खाली सही, मोतीराम राठोड. नोटीस रीतसर पोस्टानं गेली, तिसऱ्या दिवशी त्यांच्याच घरी पोचली आणि चौथ्या दिवशी ते पडेल चेहऱ्यानं माझ्या दुकानात आले. म्हणाले, "सुधाकर, वरून त्रुटी निघाली बाप्पा."

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. राठोडकाका इथून चार घरं सोडून राहतात, एकटेच. सगळी नोकरी त्यांनी सरकारी कचेरीतल्या एका टेबलावर, लहान उद्योगांचे अर्ज तपासण्यात काढली. ते रिटायर झाले तेव्हा मारेगावकडच्या त्यांच्या तांड्यातल्या लोकांनी मिळून एक कंपनी काढायचं ठरवलं. आसपासच्या छोट्या उद्योगांत भांडवल घालायचं, व्याज घ्यायचं नाही, नफ्यातोट्यात भागीदार व्हायचं. अशा कंपनीला सरकारी परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय कुणाच्या धंद्यात एक रुपया घालता येत नाही. परवान्याचं काम अर्थातच राठोडकाकांकडे आलं. जन्मभर अर्ज हाताळलेला माणूस घरचाच असताना वकील कशाला, असा तांड्याचा हिशेब होता. हा माणूस जन्मभर अर्ज परत पाठवत होता, हे कुणी लक्षात घेतलं नाही.

माझ्या दुकानात ते दोन ठिकाणी बसतात. काउंटरच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले की ते अर्जदार असतात. तिथे ते निळ्या पेनानं लिहितात आणि आवाज जरा खाली ठेवतात. मग उठून आत येतात, माझ्या स्टुलावर बसतात आणि तोच कागद लाल पेनानं तपासतात. हिरवी शाई वरच्या साहेबांची, तिचा त्यांना अधिकार नव्हता, म्हणून लाल. तेवढा वेळ मी उभा असतो. एकदा अर्जदार राठोड तापानं आजारी पडले आणि पूर्ततेला एक दिवस उशीर झाला, तर अधिकारी राठोडांनी फाइल बंद केली. मी रदबदली केली की माणूस खरंच अंथरुणात होता. ते म्हणाले, डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही.

"नियमात बसते काय?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. संक्रांतीला माझ्या बायकोनं दिलेला तिळाचा लाडूसुद्धा ते हा प्रश्न विचारूनच घेतात. तांड्यातल्या एका लग्नाची पत्रिका त्यांनी शेरा मारून परत केली होती, कारण तारीख आणि वार जुळत नव्हते. मुलीच्या बापानं बिचाऱ्यानं पत्रिका नव्यानं छापल्या. काकांनी मग आहेर चांगला केला, हेही सांगितलं पाहिजे.

अशी अडीच वर्षं गेली. अर्ज माझ्या कॉम्प्युटरमध्ये पूर्ण भरलेला होता. नुसतं 'सादर करा' या बटणावर बोट ठेवायचं बाकी होतं. मी माउसकडे हात नेला की काका म्हणायचे, थांब, एकदा पाहू दे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र थांबायची सोय राहिली नाही. तांड्यातल्या सुमनबाई चव्हाण घरच्या घरी तुरीची डाळ करून विकतात. त्यांना औद्योगिक वसाहतीत एक शेड मिळायची होती, पण भांडवल या कंपनीचंच येणार होतं. तिथल्या अधिकाऱ्यानं सांगितलं की परवाना नसला तरी चालेल, परवान्याचा अर्ज गेल्याची पोच दाखवा, शेड राखून ठेवतो. मुदत शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होती. त्यानंतर शेड यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

शुक्रवारी चार वाजता सुमनबाई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. काका माझ्या स्टुलावर होते, म्हणजे अधिकारी होते. त्यांना एक त्रुटी सापडली होती. तांड्याचं नाव एका पानावर ग्रामपंचायतीसकट होतं आणि दुसऱ्यावर नुसतंच.

सुमनबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, चूक असन तं वरचे लोक कळवतीन. त्यायचं काम तुमी कायले करून राह्यले?"

 काकांनी लाल पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग माझ्याकडे बघत, पण मला वाटतं बाईंनाच, त्यांनी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या पत्नी कमलाबाई, आता हयात नाहीत, त्यांना एके काळी मिरची-हळद कांडायची गिरणी टाकायची होती. सरकारी योजनेचा अर्ज काकांनीच भरून दिला आणि तो फिरत फिरत काकांच्याच टेबलावर आला. चौथ्या पानावर कमलाबाईंची सही राहिली होती. घरचा अर्ज, म्हणून काका जास्तच कडक झाले. त्यांनी त्रुटीपत्र लिहिलं आणि पोस्टानं घरी पाठवलं. संध्याकाळी जेवताना कमलाबाईंनी विचारलं, हे पत्र तुम्हीच लिहिलं का? काका हो म्हणाले, पंधरा दिवसांत उत्तर द्या म्हणाले. कमलाबाईंनी उत्तर दिलं नाही. सोळाव्या दिवशी काकांनी फाइल बंद केली. गिरणीचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

"पेन माह्या खिशातच होता, सुधाकर," काका म्हणाले.

 मला फार वाईट वाटलं, आणि अडीच वर्षं या माणसाला मनातल्या मनात हसल्याची लाजही वाटली. एखादी बारीकशी चूक राहील, वरून पत्र येईल आणि कुणाचा तरी धंदा कायमचा मिटेल, ही भीती घेऊन ते रोज माझ्या स्टुलावर बसत होते. सुमनबाईंनी पदर खोचला, पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी उत्तर देईन, काका. दहा पत्रं आली तं दहाचं देईन."

काका स्टुलावरून उठले. मी बसलो आणि बटण दाबलं. पोच छापून निघाली ती सुमनबाईंनी गरमच उचलली आणि ऑफिस बंद व्हायच्या आत पोचवली. शेड त्यांच्यासाठी राखली गेली.

तीन आठवड्यांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. तांड्याच्या नावाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. पहिला उद्योग म्हणून सुमनबाईंचं संमतिपत्र जोडलं होतं, त्याच्या शेवटच्या पानावर त्यांची सही नव्हती. अर्जदारानं, अधिकाऱ्यानं आणि मी, तिघांनीही ते पान पाहिलं होतं. पंधरा दिवसांची मुदत होती. बाईंना पत्र पाठवायचं का, असं मी विचारलं, तर काकांनी ते पान घडी न घालता फाइलमध्ये ठेवलं आणि मारेगावची बस किती वाजता आहे ते विचारलं. मी दुकान बंद करून सोबत गेलो.

सुमनबाई अंगणात डाळ पाखडत होत्या. काका उन्हात उभे राहिले आणि म्हणाले, "एक सही राह्यली होती बाई. घेऊन आलो." सुमनबाईंनी हात धुतले, पुसले, काकांच्या हातातलाच पेन घेतला आणि ओसरीच्या पायरीवर कागद ठेवून सही केली. मोजून एक मिनिट लागलं नसेल. आतून चहाला थांबा म्हणत होते. काका त्या सहीकडे बघत उभेच होते.

"इतकंच तं होतं," ते म्हणाले, आणि पायरीवर खाली बसले.